छायाचित्राचे श्रेय आणि पुरातून वाचलेली काच

१७ डिसेंबर १९०३ चे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र हा निव्वळ योगायोग होता, कारण ते टिपणाऱ्या जॉन डॅनियल्स यांनी त्याआधी कॅमेरा कधी हाताळलाच नव्हता, असे काही जण म्हणतात. डॅनियल्स यांच्याविषयीचे विधान बरोबर आहे. उड्डाण जिथे झाले त्या, अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्सजवळच्या जीवरक्षक केंद्रातले ते कर्मचारी होते. योगायोग हा शब्द मात्र मला पटत नाही. धावपट्टीची लाकडी रूळपट्टी सोडून विमान जिथे हवेत असेल, असा विमान चालवणाऱ्या ऑर्व्हिल राइट यांचा अंदाज होता, त्याच जागेवर त्यांनी तिकाटण्यावरचा कॅमेरा आधीच रोखून ठेवला होता. डॅनियल्स यांनी फक्त योग्य क्षणी कॅमेऱ्याचे शटर उघडणारा रबरी फुगा दाबायचा होता, आणि अवघ्या १२ सेकंदांच्या उड्डाणात तो क्षण त्यांनी अचूक साधला, हेही थोडे नाही.

आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. राइट बंधूंनी डेटन या आपल्या गावी परतल्यावर धुतलेली ही ५ × ७ इंचांची काचेची प्लेट मार्च १९१३ च्या महापुरात घरामागच्या शेडमध्ये इतर प्लेट्ससह पाण्याखाली गेली. अनेक प्लेट्सवरचा रासायनिक थर सुटला; या प्लेटचा मात्र एक कोपराच तेवढा खराब झाला, आणि विमान व त्याच्या उजवीकडे उभे असलेले विल्बर शाबूत राहिले. मूळ काच आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.