घडाघडा वाचतो म्हणजे कळतंच असं नाही

बरेच जण म्हणतात की मूल इंग्रजी धडा न अडखळता वाचतंय म्हणजे त्याला समजतंय, पण तसं नसतं हो. मी कोथरूडला मराठी माध्यमातल्या सहावीच्या मुलांचं इंग्रजी घेते, त्यात एक जण एकदम फाडफाड वाचतो. 'व्हाय वॉज द बॉय सॅड?' असा प्रश्न आला की गडी धड्यात 'सॅड' शोधतो आणि ते अख्खं वाक्य उतरवून मोकळा, मार्क पूर्ण! तेच मराठीत विचारलं तर म्हणाला पतंग हरवला म्हणून, आणि धड्यात तर पतंग झाडात अडकलाय, 'स्टक' त्याला माहीतच नव्हतं.

म्हणून उतारा झाकून काय झालं ते मराठीत सांगायला लावा, कारण उत्तर इंग्रजीत मागितलं की आपण वाचन तपासतोय का लेखन तेच कळत नाही. (शाळेत चाळीस-पन्नास पोरांना हे कोण विचारत बसणार, तेही खरंच म्हणा.)

समज तपासायला क्लोझ टेस्टही देतात, म्हणजे ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून भरायला देणं, पण विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने १९५३ मध्ये ती मांडली ती मुळात मजकूर किती सोपा-अवघड ते मोजायला. गाळलेले शब्द पुष्कळदा शेजारच्या दोनचार शब्दांवरूनही भरता येतात, त्यामुळे नुसत्या त्यावर विसंबू नका.

आणि उतारा निवडताना आधी शब्द बघा. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं निघालं, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. आपल्या गाइडांमधले उतारे यात बसतात का बघा एकदा.