कूल्ड कॅमेरा नसेल तर चांदण्या मोजत बसायचं का?

जुना_शटर: काल इथल्याच एकाने लिहिलं, "डीएसएलआरने तेजोमेघ टिपणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. कूल्ड मोनो (सेन्सर गार ठेवणारा कृष्णधवल कॅमेरा) घ्या, नाहीतर चांदण्या मोजत बसा." टाळकं सरकलं, म्हणून वेगळा धागा. माझा कॅमेरा बारा वर्षांचा आहे. देवयानी दीर्घिकेचे 90 सेकंदांचे 120 फ्रेम स्टॅक केले, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो केला, धुळीचे पट्टे लख्ख दिसतात. नवशिक्यांना घाबरवू नका. आधी माउंट, म्हणजे ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारी बैठक, घ्या म्हणावं. ट्रॅकिंगच गंडलं तर उणे 10 अंशांवरचा सेन्सरही रेघाच ओढणार.

अंधारयात्री: "इथल्याच एकाने" म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं? देवयानीचं कौतुक सांगू नका, तो ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. रोझेट तेजोमेघ काढून दाखवा! हायड्रोजन-अल्फा, म्हणजे तेजोमेघातल्या हायड्रोजन वायूचा लाल प्रकाश, 656.3 नॅनोमीटरवर, आणि तुमच्या सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा गिळतो. उरलेलं चार पिक्सेलमागे एकाच लाल पिक्सेलच्या वाट्याला. साधारण दर 6 अंशांना डार्क करंट (सेन्सर तापल्याने येणारा खोटा सिग्नल) दुप्पट होतो तो वेगळाच. चाळिसाव्या फ्रेमला सेन्सर तापलेला, नंतर डार्क्स (तो सिग्नल वजा करायला झाकण लावून घेतलेले फ्रेम) काढेपर्यंत गार. मग ते जुळणार कसे?

तिपाई: तो फिल्टर काढून घेता येतो की. मी घेतला. तेजोमेघ झकास येतात, पण सहलीला तोच कॅमेरा नेला तर सगळ्यांचे चेहरे भाजल्यासारखे. घरात अजून ऐकून घेतोय.

निळाई: मोनोवाल्यांनी आधी रंगांचा हिशोब द्यावा. एकेका वायूचा फिल्टर लावून कृष्णधवल फ्रेम घेता, रंग नंतर भरता: गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा, मग स्लायडर ओढून सगळं सोनेरी. हायड्रोजन-अल्फा लाल असतो हो! ही फोटोग्राफी की रंगपंचमी?

अंधारयात्री: गंधकाची रेषा 672च्या आसपास, तीही लालच. दोन्ही लाल ठेवले तर कुठला वायू कुठे आहे ते कळणार कसं? नकाशात डोंगर तपकिरी रंगवतात तेव्हा तक्रार करता का?

निळाई: नकाशावाला "फोटो" म्हणून खपवत नाही. या रंगवाटणीला "हबल पॅलेट" म्हणतात, तेवढं खाली लिहायला हात दुखतात का?

जुना_शटर: धागा कॅमेऱ्याचा आहे.

तिपाई: खरा रंग म्हणजे तरी काय? दुर्बिणीच्या आयपीसमधून मृगाचा तेजोमेघ मला राखाडी दिसतो, फार तर हिरवट. अंधारात डोळ्याला लाल दिसत नाही. मग लाल फोटोही खोटाच म्हणा.

निळाई: डोळा कमी पडतो म्हणून प्रकाशाचा रंग बदलत नाही. बरं, "खोटा" शब्द मागे घेते. "नटवलेला" चालेल?

अंधारयात्री: चालेल, उपकार झाले. आणि हसणार असाल तर हसा: गेल्या अमावास्येला माझं फिल्टर व्हील, म्हणजे फिल्टर बदलणारं चाक, ऑक्सिजनवरच अडकलं. लॅपटॉप म्हणतोय हायड्रोजन. पहाटेपर्यंत चुकीचाच डेटा गोळा केला.

जुना_शटर: डीएसएलआरमध्ये अडकायला चाकच नसतं, साहेब.

अंधारयात्री: माउंट आधी, हे मान्य. एकदाच म्हणतोय, लिहून ठेवा. आता रोझेट टाका.

जुना_शटर: काढलाय. तीन तास दिले.

तिपाई: मग?

जुना_शटर: गुलाबी डाग आहे. टाकत नाही.