अनुभव धागा : "मावशी, पीआर कशात मिळतो?" (परदेशी शिकायला जाताना विषय कसा निवडलात?)

बर्फातली बाभूळ (वॉटर्लू, ऑन्टारिओ, कॅनडा)

नाशिकचा भाचा यंदा मेकॅनिकल इंजिनियर होतोय. परवा त्याचा फोन आला. कशी आहेस, बर्फ पडला का, काही नाही, थेट प्रश्न : "मावशी, पीआर कशात मिळतो?" काय शिकू हा प्रश्नच नाही. हॉर्लिक्सच्या बाटलीवर वाटी फुकट मिळायची तशी कुठल्या कोर्सवर पीआर, म्हणजे परदेशात कायमचं राहायची परवानगी, मिळते, एवढंच त्याला हवंय. मी आधी चिडले. मग आठवलं, २०१६ मध्ये मीही हेच विचारलं होतं, फक्त मला विचारायला मावशी नव्हती, एजंट होता.

म्हणून हा धागा. कायमचं राहायचं असं मनात धरून ज्यांनी विषय निवडला, त्यांनी लिहा : कुठल्या साली, कुठला विषय, तेव्हा नियम काय होता आणि शिकून बाहेर पडेपर्यंत त्याचं काय झालं. एजंट आणि कॉलेजांची नावं नकोत, भांडणं होतात.

माझ्यापासून सुरुवात करते. पुण्यातून सिव्हिल केलं होतं. इथे दोन वर्षांचा सप्लाय चेनचा डिप्लोमा घेतला, कारण "दोन वर्षं शिकलं की तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं" आणि "सप्लाय चेनला मागणी आहे". पहिलं खरं होतं. दुसरं, एका गोदामात रात्रपाळीची सुपरवायझर होण्याइतपत खरं होतं. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे इथल्या गुणांवर पीआर देणाऱ्या पद्धतीत, माझे गुण ४३१. तिशी ओलांडली की दर वाढदिवसाला वयाचे पाच गुण जातात, त्यामुळे आईचा "शतायुषी हो" असा मेसेज आला की पोटात गोळा यायचा. ठरावीक गुणांच्या वरच्यांना अर्जाचं बोलावणं देणारे ड्रॉ २०२१ उजाडलं तरी माझ्या गुणांच्या वरच लागत होते. परमिट २०२१ च्या जुलैत संपणार होतं.

आणि १३ फेब्रुवारी २०२१ ला कटऑफ लागला ७५. चारशे पंचाहत्तर नव्हे, नुसते ७५. कोविडने सीमा बंद होत्या, बाहेरून माणसं आणता येईनात, म्हणून देशात काम करत असलेल्या २७,३३२ जणांना एका दिवसात बोलावणं गेलं. शनिवार होता, मी इमारतीच्या तळघरात कपड्यांच्या मशीनमध्ये नाणी टाकत होते. मैत्रिणीचा फोन आला तर मला वाटलं चेष्टा करतेय.

त्यानंतर घरच्या सगळ्यांना मी सांगत सुटले की सप्लाय चेन घ्या, माझं बघा कसं झालं. काकूंनी तर दोन मुलींना पाठवलंसुद्धा. त्या शनिवारी माझ्याकडे इतिहासाचा डिप्लोमा आणि वर्षभराचा लायक अनुभव असता, तरी पत्र आलंच असतं. हे कबूल करायला मला चार वर्षं लागली.

भाच्याला एजंट आजही दोन वर्षांचा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा डिप्लोमाच सांगतोय. १ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या डिप्लोमावर वर्क परमिट हवं असेल तर विषय सरकारी यादीत असावा लागतो, आणि साधं प्रोजेक्ट मॅनेजमेंट त्या यादीत नाही. विद्यापीठाच्या पदवीला ही अट नाही. एजंटला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

करपलेली पेज (मेलबर्न, मूळ मडगाव)

तुमचं नशीब उघडलं, आमचं झाकलं. २००८, बी.कॉम. झालेला मी, ऑस्ट्रेलियात कुकरीचा डिप्लोमा. आई हसली होती, "तू पेज करपवतोस, तुला कोण शेफ करणार?" पण तेव्हा मागणी असलेल्या व्यवसायांची एक यादी होती, तिच्यात स्वयंपाकी आणि केशकर्तन दोन्ही. दोन वर्षांचा कोर्स, ९०० तास कामाचा अनुभव, अर्ज, पीआर. आमच्या वर्गात चार्टर्ड अकाउंटन्सी अर्धवट सोडलेले तिघे होते आणि एक दंतवैद्य. कांदा कसा धरायचा हे एकालाही येत नव्हतं. ९०० तासांची पत्रं विकतही मिळायची. मी घेतलं नाही, त्यात सचोटीपेक्षा भीती जास्त होती.

फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ती यादीच रद्द केली. माझी शेवटची सेमिस्टर सुरू होत होती. त्या दिवशी मास्तरांनी वर्गात माशाचे फिले काढायला शिकवलं. कोणी बघत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "ज्यांना खरंच स्वयंपाक करायचाय त्यांनी पुढच्या बाकावर या." चौघे उठले. मी का उठलो ते आजही सांगता येत नाही, कदाचित मासा बघून असेल.

पुढे गीलाँगच्या एका ग्रीक मालकाकडे चार वर्षं भट्टीसमोर उभा राहिलो. त्याने ४५७ या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर स्पॉन्सर केलं, २०१४ ला पीआर झाली. वर्गातले बहुतेक परत गेले. दंतवैद्याने मात्र इथल्या परीक्षा दिल्या आणि तो परत दंतवैद्य झाला. म्हणजे त्याने कुकरीवर घातलेले पैसे आणि दोन वर्षं निव्वळ वाया. जो धंदा हातात होता, तोच शेवटी कामी आला.

छत्रीवाला (लेस्टर, इंग्लंड)

थोडक्यात लिहितो, लांबवण्यासारखं काही नाही. २०११ ला एम.एस्सी. मार्केटिंगला आलो, शिकल्यावर दोन वर्षं काम करायला मिळेल म्हणून. एप्रिल २०१२ ला तो व्हिसा बंद. माझा प्रबंध सप्टेंबरात. नऊ वर्षांनी, जुलै २०२१ ला, तीच गोष्ट नव्या नावाने परत सुरू केली. तोवर मी लग्न करून डिपेंडंट म्हणून परत आलो होतो. आता ती दोन वर्षांची मुदतही २०२७ पासून अठरा महिन्यांवर येतेय.

उन्हाळी (सॅक्सनी, जर्मनी, मूळ लातूर)

माझं कारण सरळ होतं, फी नाही. वडिलांची शेती कोरडवाहू. कर्ज काढून अमेरिका हे आमच्या घरात कोणी तोंडातूनही काढलं नसतं. २०१८ ला ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याला, ८,६४० युरो लागायचे, आज ११,९०४ लागतात. हे पैसे आपलेच असतात, दरमहा हप्त्याने आपल्यालाच परत मिळतात, पण सुरुवातीला एकरकमी उभे करायचे म्हणजे तीन काका आणि एक सोसायटी.

पदवी इंग्रजीत, यंत्रशास्त्र. इथेच फसले. वर्गात निम्मे भारतीय, प्राध्यापक इंग्रजीत बोलणारे, दोन वर्षं जर्मन ए१ या पहिल्या पायरीच्या पुढे सरकलंच नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. त्यातले पहिले आठ महिने मी इंग्रजीत अर्ज पाठवत राहिले. उत्तरं यायची, अतिशय सभ्य नकाराची. मग बेकरीत पहाटेची पाळी धरली आणि तिथल्या बायकांकडून भाषा शिकले.

मराठी माणसाला जर्मन सोपं जातं असं म्हणतात, आपल्याकडेही तो-ती-ते आहे म्हणून. असतं, पण जुळत नाही! चमचा तिकडेही तो आणि इकडेही तो, म्हणून आनंद होतो तोवर काटा निघतो ती आणि सुरी निघते ते.

चौदाव्या महिन्यात पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गुणवत्ता विभागात लागले. मुलाखतीत पदवीबद्दल दोन प्रश्न आले. उरलेला तास, मशीनवरचा कामगार चूक मान्य करत नसेल तर त्याच्याशी कसं बोलाल, हे जर्मनमध्ये. इथल्या विद्यापीठाची पदवी असेल तर दोन वर्षं नोकरी आणि पेन्शनचे हप्ते भरले की कायमचा परवाना मागता येतो, बी१ म्हणजे तिसऱ्या पायरीच्या भाषेसह. मला तो मिळाला. आता पाच वर्षांवर नागरिकत्वही मिळू शकतं, पण भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल. ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळते, हे बाबांना तीनदा समजावलंय. त्यांचा प्रश्न तोच, "सातबाऱ्यावर नाव राहील ना?"

स्लो लोकल (न्यू जर्सी)

अमेरिकेवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे विषयाला एक सरकारी क्रमांक असतो. मी आणि माझी मैत्रीण, दोघी अर्थशास्त्रात एम.ए., दोन वेगळी विद्यापीठं, अभ्यासक्रम जवळजवळ तोच. तिच्या पदवीचा क्रमांक ४५.०६०१, साधं अर्थशास्त्र. माझा ४५.०६०३, संख्यात्मक अर्थशास्त्र, म्हणजे स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग आणि गणित यांच्या सरकारी यादीत). तिला शिकल्यानंतर बारा महिने काम करायला मिळाले, मला छत्तीस. पुढे नोकरीसाठी राहायला लागणाऱ्या एच-१बी व्हिसाची लॉटरी वर्षातून एकदा. ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी. तिला एक संधी मिळाली, मला तीन. माझा नंबर तिसऱ्या वेळी लागला. ती पुण्यात आहे आणि माझ्यापेक्षा मोठ्या पदावर आहे, हे तिनेच लिहायला सांगितलंय.

मला तो क्रमांक माहीत होता का? नाही. त्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गेले. आता मुलं प्रवेशाआधी तो क्रमांक विचारतात, बरोबर करतात.

पण ग्रीन कार्डाला पदवी एका मर्यादेपर्यंतच चालते, मग जन्मस्थान चालतं. वर्षभराच्या कार्डांपैकी कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांच्या वर नाही. भारतात जन्मलेल्यांची रांग एका दशकाहून लांब. माझं काम कसं झालं? नवऱ्यामुळे. तो डोंबिवलीचाच, पण सासरे मस्कतला नोकरीला होते तेव्हा तिकडे जन्मला. नवरा-बायकोपैकी एकाच्या जन्मदेशाची रांग दुसऱ्यालाही धरता येते. आमची २०१९ ला ओमानची धरली, तिथे रांगच नव्हती. सासूबाई प्रत्येक समारंभात सांगतात, "बाळंतपणाला माहेरी ये म्हणून आई किती मागे लागली होती, मी गेले नाही!"

उसाचा फड (बारामती)

वाचून हसलो, पण माझं हसण्यासारखं नाही. कॅनडा. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम, पण वर्ग एका खाजगी कॉलेजच्या इमारतीत, असा प्रकार होता. जानेवारी २०२४ चा प्रवेश होता. आजी आजारी पडली म्हणून सप्टेंबरवर ढकलला. एजंट म्हणाला, "एका टर्मनं काय बिघडतंय." १५ मे २०२४ च्या पुढं असल्या कॉलेजात सुरू करणाऱ्यांना शिकल्यावर वर्क परमिट नाही, असा नियम आला. मला ते कळलं जुलैत, तेही एका अनोळखी पोराच्या व्हिडिओवरून.

गेलो नाही. जीआयसीचे, म्हणजे राहण्याखाण्यासाठी तिकडच्या बँकेत आधी भरलेले, २०,६३५ डॉलर परत आले, फीचा काही भाग आला नाही. आजी त्याच ऑगस्टात गेली. लोक म्हणतात आजीनं वाचवलं. मला तसं वाटत नाही, पण घरात तसंच बोललं जातं, मी गप्प बसतो.

पेठेतली (माँक्टन, न्यू ब्रन्सविक, कॅनडा)

सगळे विषयाचं बोलताय, म्हणून वाकडा मुद्दा. माझा विषय मानसशास्त्र, म्हणजे एजंटच्या भाषेत "काही उपयोग नाही". पण पुण्यात आलियाँस फ्राँसेझमध्ये कॉलेजपासून जात होते, निव्वळ आवड. त्या मराठी-फ्रेंच खिचडीवर मी इथे आले. मार्च २०२५ मध्ये फ्रेंच येणाऱ्यांच्या ड्रॉचा कटऑफ ३७९ लागला, त्याच सुमारास इथे काम करणाऱ्या बाकीच्यांना ५०० च्या वर लागत होते. मला वडील म्हणायचे, "फ्रेंच शिकून फार तर टुरिस्ट गाइड होशील."

मात्र हे वाचून उद्या कोणी फ्रेंचच्या क्लासला पळू नका. सातव्या पातळीपर्यंत चारही कौशल्यं न्यायला मला वर्षं लागली, आणि सरकार कधी हात आखडता घेईल याचा नेम नाही.

मोजे हरवले (विनिपेग, कॅनडा, मूळ गारगोटी)

मी एम.ए. मराठी, बी.एड. इकडे येऊन बालशिक्षणाचा डिप्लोमा केला. नातेवाईक म्हणाले, एवढं शिकून आया व्हायला गेली. २०२५ ला एक्स्प्रेस एंट्रीत शिक्षण क्षेत्राचा वेगळा गट काढला तेव्हा त्याच नातेवाईकांनी दूरदृष्टी म्हणून कौतुक केलं. दूरदृष्टी कसली, मला लहान मुलांत करमतं.

काम मात्र बघून या. उणे पंचवीसला आठ पोरांना स्नोसूट, बूट, टोपी, हातमोजे चढवायला पाऊण तास लागतो, आणि चढवून झालं की एकाला शू लागते. पगार बेताचा. आमच्या बॅचमधल्या दोघी फक्त पीआरसाठी आल्या होत्या, एक सहा महिन्यांत सोडून गेली. रोज सकाळी तिच्या तोंडावर ते दिसायचं, पोरांनाही दिसायचं.

@बाभूळ, भाच्याला एकदा विचारा की त्याला यंत्रं आवडतात का. कोणीच विचारलेलं दिसत नाही.

बर्फातली बाभूळ

विचारलं. दोन मिनिटं फोनवर शांतता. मग म्हणाला, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायला आवडायचं, पण "त्याला स्कोप नाही ना". त्याला सांगितलंय की एजंटला अजून पैसे देऊ नकोस. उन्हाळी, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, तुमच्या पंपांच्या कारखान्यात काय काय चालतं ते त्याला ऐकायचंय.

धागा त्याने पूर्ण वाचला. स्लो लोकल, तुमच्यासाठी त्याचा एक प्रश्न आहे : "मस्कतला जन्मलेल्या मुलींची यादी कुठे मिळते?" ताईने मागून त्याच्या पाठीत घातलेला धपाटा इथे वॉटर्लूपर्यंत ऐकू आला.