लेझरने चष्म्याचा नंबर काढायचाय, आयुष्मान कार्डावर होईल का?

दांडियाबाजारवाली:
नमस्कार मंडळी. मुलगी २२ ची आहे, उजव्या डोळ्याचा नंबर -८, डाव्याचा -६.५, चष्म्याला वैतागलीय आणि लेझर करायचंच म्हणून हटून बसलीय. आमचं आयुष्मान कार्ड आहे, गुजरातमध्ये तर १० लाखांपर्यंत चालतं ना? शेजारच्या काकींचा मोतियो त्याच कार्डावर लेझरने फुकट झाला, मग हिचं का नाही? दवाखान्यात विचारलं तर काउंटरवरचा मुलगा नुसतं "नहीं थाय बेन" म्हणून मोकळा.

रावपुराकर:
ताई, मुलगा बरोबर बोलला, फक्त कारण सांगितलं नाही. १० लाखांची मर्यादा जुलै २०२३ पासून झालीय खरी, पण पैसे मिळतात ते यादीतल्या पॅकेजलाच आणि चष्मा घालवणं त्या यादीत नाही. चष्म्याने दिसतंय ना, मग हौसेचं ऑपरेशन, असा हिशोब. आणि काकींचं लेझर नसणारच हो! त्याला फेको म्हणतात, अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स बसवतात, टाका पडत नाही म्हणून अख्खं बडोदं त्याला लेझर म्हणतं. माझे सासरे तर अजून सगळ्यांना लेझरच सांगतात, आम्ही नाद सोडला.

सुरसागर_काठ:
मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा. ७.५ पेक्षा कमी नंबरच्या दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत, ही आयआरडीएने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलेली अट बहुतेक पॉलिसींत असते. म्हणजे उजव्या डोळ्याला आशा आहे, डावा बहुतेक तुमच्या खिशातून 😅 आधी कंपनीकडून लेखी घ्या, एजंट तोंडी काय वाट्टेल ते बोलतो, आणि वेटिंग पिरियड किती ते पण बघा. गंमत अशी की नंबर जितका मोठा तितकी बुबुळाची जाडी जास्त खर्च होते, त्यामुळे जिथे विमा सुरू होतो तिथेच डॉक्टर लॅसिकला (हेच ते नंबर घालवायचं लेझर) का-कू करायला लागतात आणि आत लेन्स बसवायचं सुचवतात.

दांडियाबाजारवाली:
अरे देवा, एक डोळा पास एक नापास! पॉलिसी ह्यांच्या ऑफिसची आहे, आजच विचारायला सांगते.

मांडवीची_सून:
काकू, पैशाचं नंतर, आधी बुबुळाची जाडी आणि टोपोग्राफी (बुबुळाच्या आकाराचा नकाशा) करून घ्या, नंबर वर्षभर स्थिर आहे ना? ती कॉन्टॅक्ट लेन्स लावत असेल तर तपासणीआधी काही दिवस बंद ठेवावी लागते, आमची पहिली फेरी त्यातच फुकट गेली. बाकी लेझर शब्दाला सरकारचा विरोध नाहीये, माझ्या आईला डायबिटीस आहे, तिच्या पडद्यावर लेझर मारलं ते कार्डावरच झालं, कारण तिथे नजर जायची भीती होती. ती सत्तरीपुढची आहे, त्यांना २०२४ पासून उत्पन्न न बघता कार्ड मिळतं.

दांडियाबाजारवाली:
हो, लेन्स लावते की ती, रोज! बरं झालं सांगितलंत, सोमवारचीच अपॉइंटमेंट होती, पुढे ढकलते.