जुनी प्राणी-पक्ष्यांच्या चित्रांची पोस्टकार्डं: बडोद्यात कुठे मिळतील?

दांडियाबाजारकर: नमस्कार मंडळी. वाघ, हरणं, बगळे अशी रंगवलेली चित्रं असलेली जुनी पोस्टकार्डं जमवायची आहेत. फोटोंची नकोत. बजेट एकूण दीड हजार. कुठे शोधू, आणि नवी नक्कल कशी ओळखायची?

जुनंसोनं: दीड हजारात काय येणार हो? माझ्याकडे राफाएल टक कंपनीची ऑयलेट मालिकेतली पोस्टकार्डं आहेत, ती मालिका 1903 पासूनची. ब्रशचे फटकारे दिसतात, तैलचित्रच वाटतं. डिसेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात टकची लंडनची इमारत जळाली, त्यामुळे भाव विचारू नका. लिलावात अख्खा अल्बमच उचला. आणि कोपरा दुमडलेलं कार्ड फुकटही घेऊ नका.

घाटावरचा_गणू: बाजारात एकाने मला ‘आजोबांच्या ट्रंकेतला’ म्हणून वाघ विकला. घरी नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला, तर मागची बाजू ट्यूबलाइटसारखी लख्ख! कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं 1950 च्या सुमारास आली. पैसे परत मागितले तर म्हणे, मी ओळखत नाही तुम्हाला.

टपालहंस: त्यापेक्षा तिकिटं घ्या. 1963 चा वन्यजीव संच बघा, गवा, रेड पांडा, हत्ती, वाघ, सिंह.

जुनंसोनं: विषय पोस्टकार्डांचा आहे.

टपालहंस: मग मॅक्सिम कार्ड. चित्र, तिकीट, शिक्का, तिन्हीत एकच प्राणी. हे पोस्टकार्डच असतं, साहेब.

कमाटीबागेतली: आधी कार्ड उलटा. इंग्लंडात 1902 पर्यंत मागे फक्त पत्ता लिहायचा, मजकूर चित्राच्या बाजूला कोंबायचा. मधोमध रेघ असेल तर तिथलं कार्ड त्यानंतरचं. तिकिटावर दाढीवाला राजा दिसला म्हणून लगेच साल ठरवू नका. सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज दोघंही दाढीवाले, नीट बघा. भिंगातून ठिपके आडवेतिडवे दिसले तर शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली जुनी छपाई. शिस्तीत रांगेत दिसले तर कार्ड नवंच असं नाही, ती छपाईही तेव्हा होती. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, पॉलिएस्टरची घ्या. लॅमिनेशन तर अजिबात नाही. कागद खाणाऱ्या कसरीवर लक्ष ठेवा.

राजू_रावपुरा: जांभळा दिवा धरून बघा, नकली असेल तर चमकतं.

घाटावरचा_गणू: तेच लिहिलंय मी वर.

राजू_रावपुरा: बरं. कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा कोणी पाहिला का हल्ली? पोरांना न्यायचंय, रविवारी गर्दी असते का?

दांडियाबाजारकर: सगळ्यांचे आभार. एका रद्दीवाल्याकडे बगळा मिळाला. मागे रेघ, पाचवा जॉर्ज, फिक्या शाईत कुणा मावशीला चार ओळी. कोपरा दुमडलेलाच आहे. दिव्याखाली मख्ख. पावणेदोनशेत दिला. फ्रेम करून हॉलमध्ये लावतोय.

कमाटीबागेतली: फ्रेम?? अहो, उजेडाने रंग उडतील!

दांडियाबाजारकर: उडू देत. बगळा पांढराच आहे.

जुनंसोनं: रद्दीवाला कुठला?