डिस्ट्रिब्युटर, अॅडव्हान्स, टायमिंग: मराठीत काय लिहायचं?

कीबोर्डकर: जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलचं मराठी करतोय. डिस्ट्रिब्युटर म्हणजे स्पार्क प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग, अॅडव्हान्स म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते. 'वितरक' लिहिलं की सिमेंटचा होलसेलवाला डोळ्यासमोर येतो, 'अग्रिम' म्हणजे पगाराची उचल. आणि 'इलेक्ट्रॉनिक टायमिंग कंट्रोल'ला नुसतं 'इलेक्ट्रॉनिक इग्निशन' लिहिलं तर चालेल ना?

पानाबहाद्दर: अजिबात नाही! पॉइंट-कंडेन्सर (करंट तोडणारा जुना यांत्रिक स्विच) काढून पिकअप (फिरणं ओळखणारा सेन्सर) नि मोड्यूल (करंट तोडणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बसवलं की झालं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पण स्पार्क किती आधी पाडायचा ते अजूनही डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं, स्प्रिंगा आणि बाजूचा व्हॅक्यूमचा डबाच ठरवतात. हे सगळं जाऊन आकडा कॉम्प्युटर काढायला लागला की मग टायमिंग इलेक्ट्रॉनिक. १९७९ ची बीएमडब्ल्यू ७३२आय बघा, बॉशचं मोट्रॉनिक, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सर फ्लायव्हीलपाशी, डिस्ट्रिब्युटरकडे काम उरलं फक्त ज्याचा करंट त्या प्लगला पोचवायचं. नाव तेव्हा कुठे शोभलं त्याला 😄

कीबोर्डकर: म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावायचं हे वाक्य तिथे चुकीचं?

पानाबहाद्दर: तिथे चुकीचंच. डिस्ट्रिब्युटरची बॉडी फिरवली तरी टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुलीची खूण जागची हलणार नाही, बिघडेल तो रोटरचं (आत फिरणाऱ्या हाताचं) टोक नि कॅपमधल्या टर्मिनलचा मेळ, मग करंट भलत्याच प्लगला उडी मारतो नाहीतर मिसफायर. पण सरसकट लिहू नका हां, जीएमच्या ईएसटीवाल्यात (त्यांचं इलेक्ट्रॉनिक टायमिंग) पिकअप डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच असतो त्यामुळे फिरवलं की बेस टायमिंग (कॉम्प्युटरचा अॅडव्हान्स सोडून मूळचं) बदलतं, आणि फोर्डच्या टीएफआय इग्निशनला आधी स्पाउट कनेक्टर (कॉम्प्युटरचा टायमिंग सिग्नल आणणारा जोड) काढावा लागतो, नाहीतर कॉम्प्युटरने दिलेला अॅडव्हान्स धरून तुम्ही बेस लावत बसणार.

आगाऊकार्टं: अॅडव्हान्सला 'आगाऊ' आहे की. आगाऊ ठिणगी!

कीबोर्डकर: 😂 वाचणारा म्हणेल इंजिन उलट बोलतंय.

पानाबहाद्दर: गॅरेजात 'टायमिंग पुढे घे, मागे घे' एवढंच चालतं. मी तर 'पिस्टन टॉपला यायच्या १० डिग्री आधी' असं सरळ लिहीन. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ डिग्री फिरतो, पेट्रोल जळायला वेळ लागतो म्हणून ठिणगी आधी, हे एकदा सांगितलं की शब्दावाचून काही अडत नाही. फक्त डिग्री कुणाची ते दर वेळी लिहा, डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो, त्याच्या १० म्हणजे क्रँकच्या २०.

कीबोर्डकर: बापरे, तक्त्यात दोन्ही मिसळल्यात. बघतो परत.