गव्हाणी स्पर्धा नाताळाआधी नको, नाताळात घ्या

बावखलकाठ (वसई)

येत्या रविवारी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) नाताळाच्या कार्यक्रमांची बैठक आहे. तिथे जे बोलणार आहे ते आधी इथे गटावर मांडतो. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं इथे आहेत, विरोध असेल तर तोही ऐकून जाईन.

आमच्याकडे गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) स्पर्धेचे परीक्षक २२-२३ डिसेंबरला फिरतात. म्हणजे गव्हाणी तोवर पूर्ण हवी. गेल्या वर्षी एका आळीत पाहिलं: बाळ येशू पेंढ्यावर निजवलेला, तिन्ही राजे उंटांसकट दारात हजर, धबधब्याला मोटर, वर एलईडीचा तारा. आणि त्याच संध्याकाळी देवळात फादर जांभळ्या वस्त्रांत, ‘प्रभो, ये’ अशी प्रार्थना चाललेली. ज्याची वाट पाहायची तो परीक्षकांच्या सोयीसाठी दोन दिवस आधीच आणून ठेवलेला. मला हे फार लागलं.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा वाट पाहण्याचा काळ, चार रविवारांचा. नाताळ कोणत्या वारी येतो त्यावर तो २२ ते २८ दिवसांचा होतो. या दिवसांत रविवारच्या मिस्सेत (देवळातल्या मुख्य उपासनेत) ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत. ती राखून ठेवलेली असते आणि नाताळच्या रात्री घंटांच्या गजरात परत येते. खरा नाताळकाळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. आपण नेमकं उलटं करतो. १ डिसेंबरपासून डीजे, स्पर्धा, पार्ट्या, आणि २६ तारखेला सगळं थंड. १ जानेवारी गेली की तारे उतरवायची घाई.

माझं म्हणणं एवढंच: गव्हाणी स्पर्धा, तारा स्पर्धा, नाताळगीतांचा कार्यक्रम हे सगळं २६ डिसेंबर ते प्रभुप्रकटीकरणाचा सण (जानेवारीच्या सुरुवातीचा तीन राजांचा सण) या काळात घ्यावं. १७ ते २३ डिसेंबर संध्याकाळ मोकळी ठेवावी. प्रत्येक आळीत एक तास बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांचं वाचन, थोडं मौन, आणि त्याच आठवड्यात सर्वांनी प्रायश्चित्त संस्कार (पापकबुली) घ्यावा.

पाचूबंदर

काका, तुमची कळकळ कळते, पण मला हे मान्य नाही. आमच्या बोटी नाताळाला किनाऱ्याला लागतात आणि नवं वर्ष उजाडलं की पुन्हा समुद्रात. जहाजावर नोकरीला असलेल्यांची रजाही त्याच बेताने असते. तुम्ही सगळे कार्यक्रम जानेवारीकडे ढकलले तर निम्मा कोळीवाडा त्यात नसेल.

दुसरं, गव्हाणी कोण बांधतं ते पाहा. आमच्याकडे जी पोरं रात्री एक-एक वाजेपर्यंत बांबूच्या कामट्या वाकवत बसतात, त्यांतली कित्येक रविवारीही देवळात दिसत नाहीत. त्या पेंढ्यापाशी बसून ती विचारतात की योसेफ मरियेला घेऊन बेथलेहेमला का गेला, जन्म गोठ्यात का झाला. हे प्रश्न मी प्रवचनानंतर कधी ऐकले नाहीत. स्पर्धेची तारीख मोडलीत तर ती पोरंही जातील.

बावखलकाठ (वसई)

बांधू नका असं मी म्हणतच नाही. खुशाल १५ तारखेपासून बांधा. डोंगर, गोठा, मेंढपाळ, सगळं उभं राहू द्या. फक्त गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा, आणि गुण त्यानंतर द्या. उलट पोरं विचारतील, बाळ कुठे आहे? तेव्हाच सांगायची संधी.

मोचेमाडकर

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. आमच्या घरी गव्हाण रिकामीच असते. आई दहा-बारा दिवस आधी करवंट्यांत नाचणी पेरते. नाताळापर्यंत बोटभर हिरवं होतं, तेच बेथलेहेमचं कुरण. उगवायला वेळ लागतो, त्यामुळे मुलांना वाट पाहणं वेगळं शिकवावं लागत नाही. तीन राजे आम्ही खिडकीत ठेवतो आणि रोज थोडे पुढे सरकवतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते घरात आले असंच आहे, गोठ्यात नव्हे. त्यांना पहिल्याच रात्री मेंढपाळांशेजारी उभं करायची घाई कशाला?

पण तारे उशिरा लावा असं कुणी म्हणत असेल तर माझा विरोध. आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं मोजकी. दारावर तारा लागला की शेजारची मुलं धावत येतात, मातीची मेंढरं करून देतात. गणपतीत आम्ही त्यांच्याकडे जातो, नाताळाला नेवऱ्या त्यांच्याकडे जातात. तो तारा आमची साक्ष आहे.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

मी प्रोटेस्टंट, आमची मंडळी (चर्च) छोटी. मला यात पंचांगाचा आग्रह जास्त दिसतो. ख्रिस्तजन्माची तारीख शुभवर्तमानात नाहीच. २५ डिसेंबर रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेला दिसतो. मग २३ ला बाळ ठेवलं की भक्ती बुडाली, हे कसं?

आणि उत्सवाला इतकं घाबरायचं कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी काव्य क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ते ओवीत. लोकांना जे गाता येतं त्यातच त्यांनी ख्रिस्तकथा सांगितली. आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक अभंग आणि कीर्तन घेऊन उभे राहिले. टाळ-मृदंग वाजले म्हणून ख्रिस्त झाकला गेला नाही. भांडायचंच असेल तर काय गातो यावर भांडा. सिनेमाच्या चालीवर सांताक्लॉजचं गाणं बसवून त्याला नाताळगीत म्हणतात, ते मला २३ तारखेच्या बाळापेक्षा जास्त खुपतं.

बावखलकाठ (वसई)

तारीख शुभवर्तमानात नाही, कबूल. वाट पाहणं मात्र आहे. लूकच्या दुसऱ्याच अध्यायात शिमोन आहे, इस्राएलच्या सांत्वनाची वाट पाहणारा. हन्ना आहे, ८४ वर्षांची विधवा, मंदिर न सोडता उपास आणि प्रार्थना करणारी. बाळाला पाहून त्यांनाच कळलं की हा कोण. मंदिरात त्या दिवशी गर्दी असणारच, पण ओळखलं वाट पाहणाऱ्यांनी. माझा आग्रह तेवढ्यासाठी आहे. गाण्यांबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

सांडोरची सून

सगळं वाचलं. आता माझं ऐका. १७ ते २३ संध्याकाळी वाचन आणि मौन, फार छान. पण त्याच आठवड्यात घर पुसायचं, पडदे धुवायचे, करंज्या-चकल्या तळायच्या, मुलांचे कपडे शिंप्याकडून आणायचे, परगावचे पाहुणे उतरवायचे. तळायच्या फुग्यांचं (गोल पावांचं) पीठ आंबायला ठेवलं की त्याची वेळ सांभाळावी लागते, ते पीठ मौन संपायची वाट पाहत नाही. माझा आगमनकाळ बरीच वर्षं कढईपुढे गेला आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेत मी डोळे मिटते तेव्हा प्रार्थना येत नाही, झोप येते. हे मला टोचतं.

तुमचा ठराव पुरुषांच्या अध्यात्मासाठी असेल तर तसं स्पष्ट लिहा. नसेल तर त्यात एक ओळ घाला: सात ते आठ कुठल्याही घरात चूल पेटणार नाही, आणि त्या दिवसाचा फराळ घरातल्या सगळ्यांनी मिळून दुपारी उरकायचा. मरियेने सगळ्या गोष्टी मनात ठेवून मनन केलं असं लूक सांगतो. तिला मननाला जागा होती. आम्हालाही द्या.

निर्मळचा वाटसरू

व्यवहाराची एक अडचण. आगमनकाळात आपण लग्नं ठेवत नाही, त्यामुळे २६ पासून लग्नांची रीघ लागते. त्या आठवड्यात आळीआळीत मांडव, हॉल भरलेला, गायकवृंद रोज कुठल्या तरी लग्नाच्या मिस्सेला. परीक्षक कधी फिरणार? मंडपातून वाट काढत?

बावखलकाठ (वसई)

मग परीक्षक २५ लाच संध्याकाळी फिरू देत. बाळ आलेलं असेल, लग्नं सुरू झालेली नसतील, बोटीही किनाऱ्याला असतील. नाताळगीतांचा कार्यक्रम तेवढा जानेवारीच्या पहिल्या रविवारी.

पाचूबंदर

२५ ची संध्याकाळ चालेल. गाण्यांच्या तारखेला माझा विरोध कायम, तेव्हा आमचे खलाशी नसतील. आणि रिकाम्या गव्हाणीचा नियम बैठकीतून कागदावर लिहून पाठवू नका. पोरं बांधायला बसतील त्या रात्री स्वतः या आणि शिमोनाबद्दल जे इथे लिहिलंत ते त्यांना सांगा. पटलं तर ती ठेवतील रिकामी.

सांडोरची सून

परीक्षकांची तारीख ठरली, बोटींचं ठरलं, लग्नांचं ठरलं. चुलीच्या तासाचं अजून कुणी काही बोललेलं नाही. रविवारच्या बैठकीला मी येते आहे.